पोलिसाची मिशी आणि मागचा कॅमेरा

आमच्या गावच्या संगीत मंडळाला पुरुष कमी पडतात, म्हणून मी पोलीस झाले. गाव यॉर्कशायरमधलं, मी मूळची सांगलीची, इथे नोकरीमुळे आलेली. इंग्लंडात अशा मध्यम गावांतून एखादी तरी 'ऑपरेटिक सोसायटी' सापडतेच. नाव भारदस्त, कारभार मात्र आपल्या हौशी नाट्यमंडळाचाच: वर्षाची वर्गणी, चर्चच्या हॉलमध्ये तालमी, मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं आणि खजिनदारांचा कायम चिंतातुर चेहरा. पानगळीच्या सुमाराला तालमी सुरू होतात आणि वसंतात प्रयोग लागतात. या वेळी गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचा 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' घेतला होता, आणि समितीने ठरवलं होतं, की एकदा तरी प्रयोगाचं नीट चित्रीकरण करून घ्यायचं. कुणाच्या तरी नवऱ्याने शेवटच्या रांगेतून हात थरथरत घेतलेलं नव्हे; तीन कॅमेरे, वेगळा ध्वनिमुद्रक, पैसे मोजून.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचं. गाणी आणि मध्ये गद्य संवाद, म्हणजे मांडणी आपल्या संगीत नाटकाला फार परकी नाही. पेन्झान्स हे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथले चाचे इतके हळवे, की अनाथाला कधी लुटत नाहीत. ही बातमी पसरल्यापासून समुद्रावर जो भेटतो तो स्वतःला अनाथच म्हणवतो. नायक फ्रेडरिक एकविसाव्या वाढदिवसापर्यंत या चाच्यांकडे उमेदवारीला बांधलेला. एकवीस वर्षं भरली म्हणून तो सुटतो, प्रेमात पडतो, आणि मग कळतं, की स्वारीचा जन्म २९ फेब्रुवारीचा. करारात 'वर्ष' नाही, 'वाढदिवस' लिहिलंय. वाढदिवस झाले पाच. सुटका थेट १९४० साली. आणि हा बाबा कर्तव्यदक्ष असल्यामुळे निमूटपणे चाच्यांकडे परत जातो.

हे फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "यात काय एवढं," म्हणाली, "आपल्या शेजारच्या काकूंचा जन्म अधिकातला. तिथीने वाढदिवस करायचा म्हटलं तर सगळं आयुष्य पंचांग बघण्यात जायचं." गिल्बर्टला अधिक मास माहीत असता तर त्याने तिसरा अंक लिहिला असता.

या नाटकाच्या जन्माची हकिगत नाटकाइतकीच वाकडी आहे. १८७८ मध्ये या जोडीचं 'एच. एम. एस. पिनाफोर' तुफान चाललं आणि अमेरिकेत ज्याला वाटेल त्याने ते एक पैसाही न देता लावलं. तिकडे परदेशी लेखकांना कायद्याचं संरक्षणच नव्हतं. म्हणून पुढचं नाटक यांनी स्वतः न्यूयॉर्कला जाऊन ३१ डिसेंबर १८७९ रोजी उघडलं. इंग्लंडमधला हक्कही हातचा जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी डेव्हनमधल्या पेंटन गावी एक नावापुरता प्रयोग उरकला. नट 'पिनाफोर'च्याच कपड्यांत, चाचे दिसावेत म्हणून डोक्याला रुमाल बांधलेले आणि हातात संहिता. एवढी खबरदारी घेऊन पहिल्या अंकाचं संगीत सलिव्हन लंडनला घरीच विसरला आणि न्यूयॉर्कमध्ये बसून त्याने ते आठवून पुन्हा लिहिलं. लंडनला नाटक आलं ३ एप्रिल १८८० रोजी. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, पण मंडळात मी ही तारीख सांगितल्यापासून आमचे संगीत संचालक मला दर आठवड्याला किर्लोस्करांबद्दल काहीतरी विचारतात. ते शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक आहेत; विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

तालमींत माझी पहिली अडचण कागदाची. सगळ्यांच्या हातात स्वरलिपीचं जाड पुस्तक; मला त्या पाच रेघा वाचता येत नाहीत. मी लहानपणी पेटीवर शिकले, माझं सगळं सरगमवर. मग मी प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहायला घेतलं. दोन पानं छान गेली आणि मग सलिव्हनने पट्टी बदलली. आपल्याकडे षड्ज एकदा धरला की मैफल संपेपर्यंत तो घरचा. इथे चार ओळींत घर बदलतं. शेवटी युक्ती सापडली: जिथे पट्टी बदलते तिथे उभी रेघ मारायची आणि नवा सा कुठल्या जुन्या स्वरावर बसला ते वर लिहायचं. माझं पुस्तक बघून शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "हे गुप्त लिपीसारखं दिसतंय, लव्ह." यॉर्कशायरमध्ये बसवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, सवय होते.

दुसरी गोष्ट जास्त खोल होती. पहिल्या अंकात एका ठिकाणी वाद्यवृंद अचानक थांबतो आणि सगळे पात्र, चाचे आणि मुली, कवितेला वंदन करणारं एक छोटंसं गाणं चार आवाजांत गातात. साथ काहीच नाही. मी अल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. माझी ओळ एकटी गायली तर तिच्यात काही जीव नाही. दोन-तीन स्वरांत फिरते. पण बाकीच्या तीन ओळी भोवती उभ्या राहिल्या की तोच स्वर एकदम दुसराच वाटायला लागतो. आयुष्यभर एकट्याने किंवा एकसुरात गाणाऱ्या माणसाला हे आधी भांबावून टाकतं. कान शेजारच्या आवाजाकडे ओढला जातो आणि नकळत आपण तिकडे सरकतो. संगीत संचालकांनी मला मुद्दाम दोन पुरुषांच्या मध्ये उभं केलं. "यांचं ऐकू नकोस, यांच्याशी भांड," म्हणाले.

पुरुष मात्र तेवढेच. चाचेही हवेत आणि दुसऱ्या अंकात पोलीसही. चाचे पुरुषांनी घेतले आणि पोलिसांच्या तुकडीत निम्म्या बायका भरल्या. पहिल्या अंकात मी मेजर-जनरलच्या असंख्य मुलींपैकी एक, झालरीचा झगा आणि टोपी. मध्यंतरात धावतपळत गणवेश, हेल्मेट, हातात दंडुका आणि ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी. आमच्याकडे बालगंधर्वांनी शालू नेसून स्त्री उभी केली त्या परंपरेत वाढलेल्या मला मिशी लावायला कसली लाज? पण डिंक वाईट. प्रत्येक प्रयोगानंतर वरचा ओठ लालभडक.

चित्रीकरणाची पहिली बैठक झाली ती हक्कांबद्दल. गिल्बर्ट १९११ मध्ये गेला, ब्रिटनमध्ये १९६१ संपताच त्याच्या शब्दांवरचा हक्कही संपला. त्यामुळे मूळ नाटक कुणीही करावं, कुणीही चित्रित करावं. पण वाद्यवृंदासाठी भाड्याने आणलेल्या नव्या संपादित प्रती वेगळ्या. त्यांची परवानगी लागते. ती मागवली, वादकांची संमती घेतली, आम्ही सगळ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. चाच्यांच्या नाटकाला एवढी कायदेशीर शिस्त, हे बघून गिल्बर्ट खूश झाला असता. तो स्वतः वकिली केलेला माणूस.

मग व्हिडिओवाला आला. शांत तरुण मुलगा, लग्नं आणि शाळांची संमेलनं चित्रित करून पोट भरणारा. ऑपेरा त्याने पूर्वी बघितला नव्हता आणि तसं त्याने सांगितलंही. एक कॅमेरा सभागृहाच्या मागे, मधोमध, पूर्ण रंगमंच धरून स्थिर. दोन बाजूंना, जवळून टिपणारे. रंगीत तालमीला आणि शुक्रवारच्या प्रयोगाला, दोन्ही वेळा चित्रीकरण करायचं आणि नंतर दोन्हीतलं उत्तम तेवढं जोडायचं, असा बेत.

रंगीत तालमीत आम्ही पोलीस नाहीसे झालो. दुसऱ्या अंकाची जागा म्हणजे चांदण्यातला पडका प्रार्थनामहाल. मागचा पडदा गर्द निळा, प्रकाश निळा, आमचे गणवेशही गर्द निळे. डोळ्याला सगळं नीट दिसत होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मात्र अंधारात तरंगणारे चेहरे, मिशा आणि पांढरे हातमोजे एवढंच. उलट नायिका मेबल मोठ्या झोताखाली आली की तिचा चेहरा पांढराफटक, नाक-डोळे गायब. माणसाचा डोळा एकाच वेळी उजेड आणि काळोख सांभाळतो, कॅमेऱ्याला एवढं जमत नाही. प्रकाशयोजना करणारे गृहस्थ आधी रुसले. नाटक तिकीट काढून आलेल्यांसाठी आहे, यंत्रासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. पण तोडगा सोपा निघाला. आमच्या पाठीमागून वरून दोन फिके पांढरे दिवे सोडले, त्याने खांद्यांच्या कडा उजळल्या. मेबलवरचा झोत थोडा मंद केला. प्रेक्षकांना काही फरक कळला नाही.

ध्वनीची गंमत वेगळी. दुसऱ्या अंकात चाचे सूड घ्यायला दबक्या पावलांनी येतात आणि 'मांजरीच्या पावलांनी आम्ही चाललो' अशा अर्थाचं गाणं जीव तोडून, दणादण पाय आपटत गातात. विनोद सगळा त्या पाय आपटण्यात. आमच्या चाच्यांचे बूट खरोखरीचे, एकजण तर दिवसा बांधकामावर जातो, त्याचेच. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले मायक्रोफोन पावलागणिक फाटत होते. शेवटी त्यातले दोन वर टांगले आणि त्या गाण्यापुरता आवाज हाताने खाली ओढायला एक माणूस बसवला. बूट बदला असं कुणी म्हणालं नाही, हे मला फार आवडलं.

आणि आम्हाला? दिग्दर्शिकेने आम्हाला एकच सूचना दिली: काही बदलू नका. मी तयार होते की ती म्हणेल, कॅमेरा जवळ आहे, चेहरे लहान ठेवा. ती म्हणाली, शेवटच्या रांगेतल्या म्हातारबुवांना दिसेल एवढंच मोठं खेळा. मात्र मागे उभे असलात तरी गोष्टीत राहा. ही दुसरी अट अवघड. समूहात उभं राहणारा माणूस आपल्याला कुणी बघत नाहीये असं धरून चालतो. गाणं दुसऱ्याचं असलं की नजर प्रेक्षागृहात ओळखीचं कोण आलंय ते शोधते. आता जवळून टिपणारा कॅमेरा केव्हा कुणावर येईल याचा नेम नव्हता, आणि त्या आठवड्यात आमची तुकडी पहिल्यांदाच शेवटपर्यंत घाबरलेली राहिली.

शुक्रवारचा प्रयोग रंगला. मेजर-जनरलचं ते प्रसिद्ध भरधाव गाणं झालं. त्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटची ओळ समूहाला त्याच वेगात परत म्हणायची असते, तिथे परक्या भाषेत जीभ अडखळली की संपलं. मी ते महिनाभर बसस्टॉपवर पुटपुटत होते. शेवटचं कडवं त्याने पुन्हा घेतलं, आधीपेक्षा वेगात. प्रेक्षक ओरडून मागतात आणि नट देतात, ही सवय इकडेही जुनी आहे. वन्स मोअरची मिरासदारी फक्त आपली नाही.

संकलन सुरू झालं तेव्हा मी हौसेने त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसले, कारण मंडळात तेवढा मोकळा वेळ दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पहिला धक्का लगेच बसला. रंगीत तालमीतली सुंदर जवळची दृश्यं शुक्रवारच्या आवाजाला लागेचनात. वाद्यवृंद जिवंत, संचालकांचा हात रोज वेगळा चालतो. मंगळवारी सावकाश गेलेलं गाणं शुक्रवारी प्रेक्षकांच्या ऊर्मीत चार पावलं पुढे. दोन ओळी ओठ जुळतात आणि मग मेबल गाते एक आणि ऐकू येतं दुसरंच. गाण्यांसाठी रंगीत तालीम बाद झाली. संवादांसाठी वापरावी तर तिथे हशा नव्हता. आमच्या पोलिसांचा सार्जंट विनोदी वाक्य टाकून शुक्रवारी थांबतो, कारण लोक हसताहेत. मंगळवारी रिकाम्या खुर्च्यांपुढे तो थांबलाच नव्हता. एकाच वाक्याची दोन वेगळी लांबी. हशा हासुद्धा या नाटकाच्या तालातला एक भाग आहे हे मला तिथे कात्रीखाली कळलं. सांगलीत 'संशयकल्लोळ' बघताना फाल्गुनराव संशयाने पेटला की आमची आत्या हसता हसता डोळे पुसायची आणि नट तिच्यासाठी थांबल्यासारखा वाटायचा. तो खरोखरच थांबत असणार.

आमचं मोठं गाणं तर अजून पंचाईतीचं निघालं. प्रसंग असा: पोलिसांना चाच्यांवर पाठवायचंय. आम्ही भेदरलेले, छाती फुगवून 'टॅरँटरा' असा तोंडानेच तुतारीचा आवाज काढत स्वतःला धीर देतोय. तेवढ्यात मेबल आणि मुली आम्हाला निरोप देतात: जा वीरांनो, कीर्तीकडे जा, थडग्याकडे जा, तुमच्यासाठी आम्ही रडू! ते ऐकून आमचे गुडघे आणखी लटपटतात. मग दोन्ही गाणी एकावर एक चढतात: तिकडे मुलींचा तो उदात्त शोक, इकडे आमची थरथर. जातो, जातो म्हणत कुणी हलत नाही आणि मेजर-जनरल वैतागतो.

व्हिडिओवाल्याने इथे मेबलचा चेहरा जवळून घेतला होता. घेणारच, गाणं तिचं, आवाज सुरेख, चेहरा देखणा. ती डोळ्यांत पाणी आणून थडग्याबद्दल गातेय आणि सभागृह खदखदून हसतंय. जो प्रयोगाला नव्हता त्याला वाटेल, लोक बिचारीला हसताहेत. हसू तिच्या चेहऱ्यात नव्हतं. चौकटीबाहेर उभ्या असलेल्या आमच्या गुडघ्यांत होतं. मग आमच्यावर कट केला, तर आवाज तिचा आणि चित्र आमचं, आणि आम्ही नुसतेच वेड्यासारखे थरथरताना दिसलो. सभागृहात बसलेला माणूस एका नजरेत दोन्ही बघतो, हवं तिकडे वळतो, परत येतो. ते वळणं संकलकाने आपल्या हातात घेतलं की एकमेकांत गुंतलेली दोन गाणी आळीपाळीने येणारी दोन गाणी होतात. एकट्याच्या गाण्याला जवळचा कॅमेरा फार छान. सलिव्हनने जिथे दोन जमाव समोरासमोर उभे केलेत तिथे मागे सरावं, एवढं माझं ठाम मत झालं. हेच मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, इतका वेळ एकच लांबचं दृश्य ठेवलं तर लोक कंटाळतात. लग्नाच्या व्हिडिओत खरंही असेल. थोडं त्याचं, थोडं माझं, असं करून त्या गाण्याचा उत्तरार्ध मागच्या कॅमेऱ्यावर गेला. पूर्वार्धात मेबल राहिली, कारण मेबलची आई समितीवर आहे.

मंडळाने चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना ते एकत्र दाखवलं. प्रत्येकजण फक्त स्वतःला बघत होता, हे सांगायला नको. वाद्यवृंद खाली खड्ड्यात असल्यामुळे जवळच्या दृश्यांत प्रत्येक पात्राची नजर अधूनमधून पायांच्या पलीकडे एकाच ठिकाणी जाते, संचालकांच्या काठीकडे. प्रेमाची कबुली देतानाही. संचालकांना हे अत्यंत आवडलं.

मी त्या मुलाकडून मागच्या कॅमेऱ्याची न कापलेली प्रत मागून घेतली आणि आईला तीच पाठवली. तिने दोन संध्याकाळी बसून बघितली. मेजर-जनरल पसंत. "पण फ्रेडरिक नुसता उभा राहून गातो, हात कुठे ठेवायचे ते त्याला कुणी शिकवलं नाही," असं म्हणाली. साथीशिवायच्या त्या चार आवाजांच्या गाण्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, तिथे मी आवाज वाढवला. मी पोलिसांत कुठे आहे ते तिला सापडलं नाही. डावीकडून दुसरी, असं सांगितल्यावर म्हणाली, त्या मिशीवाल्याला मी मघापासून बघत होते, तो बरा घाबरतो.

पुढच्या वर्षी 'मिकाडो' घ्यावं असा एक गट होता. १८८५ चं ते नाटक, या जोडीचं सगळ्यांत गाजलेलं. पण गोऱ्या मंडळींनी चेहरे रंगवून जपानी व्हायचं हे आता अनेकांना खटकतं. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली एका नामांकित मंडळाला याच आक्षेपांमुळे ठरलेले प्रयोग मागे घ्यावे लागले होते. बैठकीत सगळ्यांच्या माना हळूच माझ्याकडे वळल्या, जणू आशियाच्या वतीने निकाल मी देणार. मी म्हटलं, मी सांगलीची, टोकियोची नाही. शेवटी १८८२ चं 'आयोलँथे' ठरलं. त्यात परी आणि उमराव आहेत, आणि उमरावांची संख्या बघता मला पुन्हा मिशी लागणार.

चित्रीकरणही होणार आहे. प्रेक्षकांच्या डोक्यावर दोन मायक्रोफोन टांगून हशा नीट पकडायचा, हे मान्य झालं. रंगीत तालमीचं चित्रीकरण नाही, त्याऐवजी दोन प्रयोगांचं, हेही मान्य. मागे उजव्या कोपऱ्यात चौथा कॅमेरा मागितला होता, तो समितीने नाकारला. तेवढ्या पैशांत आणखी दोन व्हायोलिनवाले येतात, असं खजिनदार म्हणाले, आणि मीही हात वर करून त्यांच्याच बाजूने मत दिलं.